मध्ये येणे

ऑक्सफर्डच्या उत्तर टोकाला, विटांच्या एका बुटक्या घरात ऑगस्टा पिम शब्दकोशासाठी आलेल्या, शब्दांच्या वापराचे दाखले लिहिलेल्या चिठ्ठ्या लावत बसे, आणि तिची धाकटी बहीण लेटिस समोरच्या खुर्चीत विणत असे. त्या नोव्हेंबरात ऑगस्टाकडे ‘इंटरव्हीन’ हे क्रियापद आलं. मूळ लॅटिन, अगदी साधं: मध्ये, आणि येणे. अर्थ मात्र एका जागी ठरेनात. दोन गावांमध्ये नदी येते, दोन घटनांमध्ये काळ जातो, दोघांच्या भांडणात तिसरा पडतो. एका चिठ्ठीत तर कुणी नुसताच, न बोलावता, मध्ये येऊन राहतो.

“चहा ओतू का गं?” ऑगस्टानं विचारलं.

ऑगस्टानं कप भरला, साखर घातली, चमचा खाली ठेवला, तेव्हा कुठं लेटिसचं उत्तर आलं, “ओत की, विचारतेस काय!”

आठवडाभरात उत्तराला पाच मिनिटं लागू लागली, मग अर्धा तास.

“बहिरी झालीस की रुसलीस?” ऑगस्टा चिडून म्हणाली, आणि तिनं डॉक्टर बोलावले. त्यांनी दोघींचेही कान तपासले, दोघींचेही ठणठणीत. जाता जाता लेटिसच्या कसल्याशा बोलण्यावर ते खळखळून हसले. तो विनोद ऑगस्टाला ऐकू आला तेव्हा त्यांची घोडागाडी केव्हाच निघून गेली होती.

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. ती चिठ्ठ्या उचले, ठेवी, उठून खिडकीशी जाई, पुन्हा बसे. रविवारी दुपारी तिनं मधलं टेबल बाजूला सारलं, खुर्ची पुढं ओढली आणि लेटिसचे दोन्ही हात घट्ट धरले.

“लेटी, काय होतंय गं तुला? खरं सांग.”

लेटिसचे ओठ तत्क्षणी हलले. कितीतरी वेळ हलत राहिले, भराभर, विनवल्यासारखे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नजर ऑगस्टाकडे नव्हती, तर दोघींच्या मध्येच कुठंतरी अडली होती. आवाज मात्र नव्हता.

ऑगस्टा हात न सोडता बसून राहिली. खोलीतला उजेड सरत आला. मग अगदी कानाशी, लेटिसच्याच आवाजात, सावकाश उत्तर आलं:

“काही नाही गं. मी मजेत आहे.”