वास नसलेला वायू

हिवाळ्यातल्या दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तेलाच्या बाटल्यांतून बुडबुडे वर येत असत, आणि त्या मंद, ओल्या आवाजाकडे मान किंचित कलती करून नसीम मुलाणी उभी असे. पश्चिमेच्या झरोक्यातून उतरलेले ऊन तिच्या ओढणीच्या काठावर आणि तांब्याच्या नळ्यांवर सारख्याच मायेने पसरायचे. तिच्या चेहऱ्यावर मात्र माया नसायची. असायचा तो संशय. अनोळखी पाहुण्याला आत घेण्याआधी घरातली थोरली बाई त्याला ज्या नजरेने न्याहाळते, त्या नजरेने ती रोज त्याच नळ्या, त्याच चाव्या, तेच काटे न्याहाळायची.

आमची प्रयोगशाळा शिरूरच्या अलीकडे, महामार्गापासून आत, उसाच्या फडांमधल्या एका उघड्या माळावर होती. आकाशातून अखंड झरणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची चाहूल घेणाऱ्या काचेच्या चपट्या पेट्या तिथे तपासल्या जात. त्या पेट्यांतून वायूंचे एक ठरावीक मिश्रण सतत वाहावे लागते. कण त्यातून गेला की क्षणार्धात एक ठिणगी उमटते, आणि ती ठिणगी टिपण्याचे काम माझे. नसीमचे काम त्या पेट्यांना श्वास पुरवण्याचे. तिच्या मिश्रणातला एक वायू घरच्या शेगडीतल्या गॅसचाच भाऊबंद, तसाच पेटणारा. फरक इतकाच, की घरच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो आणि ह्याला तो नाही. "ज्याला वास न्हाई त्याच्याशी मैत्री करायची न्हाई," असे ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तळेगाव ढमढेऱ्यात तिच्या वडिलांचे पंक्चर काढण्याचे दुकान. लेक भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इथे लागलेली, पण बोलता बोलता गावची बोली तिच्या जिभेवर सहज यायची.

तिला पाना धरायला शिकवला तो जगदाळे आप्पांनी. आप्पा दौंडचे. प्रयोगशाळेतली प्रत्येक नळी त्यांच्या हातची. आठवडाभर माळावरच्याच खोलीत राहायचे, रविवारी घरी जायचे आणि सोमवारी येताना रुमालात बोरे बांधून आणायचे. ती बोरे नसीम एकेक करून उन्हात धरून बघायची, मगच खायची. आप्पा हसायचे. "आगं, आळी न्हाई त्यात. माझ्यावर तरी इस्वास ठेव की!" आणि मला वाटते, अख्ख्या माळावर तिचा विश्वास असेल तर तो त्यांच्यावरच होता.

त्या वर्षी थंडी सरत असताना वायूच्या खोलीतला गळती ओळखणारा भोंगा वाजू लागला. तो वाजला की मुख्य झडप आपोआप मिटे, पेट्यांचा श्वास तुटे, माझ्या संगणकाचा पडदा काळा होई आणि अनेक दिवस चाललेली चाचणी पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागे. धावत जावे तर हातात धरायचे तपासणी यंत्र काहीच दाखवत नसे. लवकरच मुंबईहून पाहणीसाठी मंडळी येणार होती. आमचे प्रमुख देशमाने सर, एरवी मृदू बोलणारे, एका दुपारी नसीमला सर्वांसमोर म्हणाले, "मॅडम, हा भोंगा फक्त तुमच्याच पाळीत कसा वाजतो?"

ते खरे होते. सकाळच्या पाळीत तो कधी वाजला नव्हता. त्या प्रश्नानंतर माळावरची हवाच पालटली. कोणी म्हणाले, ती काहीतरी चुकीचे फिरवत असेल. कोणी म्हणाले, तिला स्वतःचे महत्त्व वाढवायचे आहे. तिच्या आडनावाविषयी कोणी उघड काही बोलले नाही. पण गॅसच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे का, हा प्रश्न चहाच्या वेळी ज्या दबक्या स्वरात फिरू लागला, त्या स्वरातच सगळे बोलणे होते. ती आली की बोलणी थांबत. ती ते ऐकायची, म्हणजे थांबलेले बोलणे ऐकायची, आणि कप घेऊन परत फिरायची. तिची नोकरी कंत्राटावर होती, उन्हाळ्याच्या तोंडाशी मुदत संपणारी. तेही सगळ्यांना ठाऊक होते.

मग अचानक भोंगा वाजायचा थांबला. एक आठवडा गेला, दुसरा लागला. चाचणी अखंड चालू राहिली, देशमाने सरांच्या कपाळावरची आठी विरली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकटी नसीम आणखी अस्वस्थ झाली. "वाजत होता तवा निदान बोलत तरी होता," ती मला म्हणाली. "आता गप का झाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रखवालदाराकडून त्याचा लायटर मागून घेतला. सिलिंडरची चावी बंद केली, दारे सताड उघडली आणि मला खोलीबाहेर उभे केले. लायटरचे चाक न फिरवता तिने नुसती कळ दाबली आणि त्यातून सुटणारा वायू जमिनीलगतच्या, भोंग्याला जोडलेल्या संवेदकापाशी धरला. एवढ्यानेही भोंग्याने आकांत मांडायला हवा होता. बाहेर उसाच्या पात्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. भिंतीवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत राहिला.

तिने त्या दिव्यामागची पेटी उघडली. आत दोन टोकांना जोडणारा तारेचा एक लहानसा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. संवेदक ओरडत होता. ते ओरडणे त्या तारेने वाटेतच गिळले होते.

साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन तिने सिलिंडरची चावी किंचित उघडली आणि एकेक सांधा भिजवत नेला. झरोक्यातले ऊन दुपारनंतर थेट जिथे पडायचे, त्या सिलिंडरच्या तोंडाशी, सांध्याच्या मागच्या बाजूला फेस फुलला. सकाळी गारव्यात तो सांधा गप्प राहायचा. दुपारी सिलिंडर तापले, आतला दाब वाढला की गळायचा. आणि भोंग्याने झडप मिटवून आम्ही पोचेपर्यंत गळालेले वाऱ्यावर विरून गेलेले असायचे. दुपारची पाळी नेहमी नसीमची. इतकेच ते गूढ होते. भोंगा पहिल्यापासून खरे बोलत होता.

चहाच्या वेळी तिने ती तार टेबलावर ठेवली. "ही कुणी घातली?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. वर्षानुवर्षे एकत्र जेवलेली माणसे एकमेकांचे हात बघत होती. देशमाने सरांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, किल्ली तुमच्याकडे असते. स्वतःवरचा ठपका टाळायला तुम्हीच घातली नसेल कशावरून?"

नसीमच्या ओठांवरचा रंग उडाला. ती काही बोलणार, तोच कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तिला काय बी बोलू नका, सर," जगदाळे आप्पा म्हणाले. "तार मी घातलीय. नळ्या बघायच्या म्हणून किल्ली तिच्याकडनं मीच मागून घेतली व्हती."

संध्याकाळी ते फाटकापाशी उभे होते. मी जवळच होते. ना त्यांनी मला जायला सांगितले, ना मला जावेसे वाटले. ती समोर आली तेव्हा ते जमिनीकडे बघून बोलले. "परत भोंगा वाजला तर तुझं कंत्राट पुढं चालवायचं न्हाई, असं सर फोनवर बोलत व्हते. मी कानानं ऐकलं. मला वाटलं, भोंगाच बिघडलाय. म्हनलं, चार-आठ दिस गप राहील, तुझं काम व्हईल, मग काढू."

"आन् माणूस गेलं असतं तर, आप्पा?"

आप्पा चपलेने माती सारत राहिले.

"आता चौकशी व्हईल. तवा इचारलं तर मी खरं सांगणार."

"मग?" त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते. "खोटं बोलायला शिकवलंय का म्या तुला?"

तिने खरे सांगितले. भोंग्याकडे काणाडोळा केल्याबद्दल सरांना लेखी समज मिळाली आणि ते तिच्याशी पूर्वीपेक्षाही मृदू बोलू लागले. आप्पांना निवृत्तीआधीच घरी बसवले गेले; निरोपाचा हार नाही, भाषण नाही. सकाळच्या जीपमधून हातातली पेटी सावरत ते दौंडला गेले. नसीमचे कंत्राट पुढे चालू राहिले. पण त्यानंतर तिच्या संशयाची जात बदलली. पूर्वी ती वस्तूंवर संशय घ्यायची. आता कोणी आपुलकीने काही केले तरी ती क्षणभर थबके, जणू त्या आपुलकीचाही एखादा सांधा मागच्या बाजूने गळत असेल. तिच्या वाढदिवसाला मी साडी दिली. ती घेऊन ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "का गं?" त्या दोन अक्षरांत राग नव्हता, भीती होती. पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली आणि ती गेली.

परवा एका लग्नासाठी दौंडला गेले, तेव्हा आप्पांच्या घरी जाऊन आले. अंगणात कोवळ्या उन्हात ते खुर्ची टाकून बसले होते. हात आता थरथरतात. नसीमचा विषय मी काढायला कचरत होते, तो त्यांनीच काढला.

"करती की फोन. सणाला करती, मधनंच कवाबी करती. बोलती कमी, इचारती जास्त. गोळ्या कोण देतं, सूनबाई नीट बघती का, नळी कवा बदलली शेगडीची..."

"रागावली नाही ना तुमच्यावर?"

"रागावली तर हाय." ते हसले. "अजून इस्वास न्हाई तिचा माझ्यावर. म्हणून तर फोन करती."

परतीच्या वाटेवर उसाच्या तुऱ्यांवर ऊन लवत होते आणि मी तिचा चेहरा आठवू पाहत होते. विश्वास ठेवणारी माणसे निश्चिंत होतात आणि निश्चिंत झाली की हळूहळू विसरतात. जिला कशाचीच खात्री वाटत नाही तीच पुन्हा पुन्हा मागे वळून पाहते, आणि काळाने दूर नेलेल्या माणसांपैकी आपल्यापाशी उरतात ती बहुधा अशीच, जी आपण अजून आहोत ना, हे सारखे तपासून घेत राहतात.