मधली जागा

मुलाच्या दिल्ली कॅंटमधल्या क्वार्टरबाहेर निवृत्त सुभेदार संपतराव जानेवारीच्या उन्हात बसले होते. नात सुनयना मोबाइलवर वाचत होती. “आबा, ‘पलटण’ शब्द फ्रेंचांकडून इंग्रजांमार्फत आपल्याकडे आलाय. मूळ अर्थ, छोटा गोळा.”

“गोळा?” आबा भडकले. “म्हणजे बावीस वर्षं मी गोळ्यात नोकरी केली?”

“अहो, सैनिक एकमेकांना चिकटून उभे राहायचे म्हणून.”

आबा निवळले. “मग बिल्कुल बरोबर. बर्फातल्या चौकीवर आम्ही तसेच झोपायचो. मधली उबदार जागा, ज्याला घरून पत्र आलं नसेल त्याला.”

“तुम्हाला कधी मिळाली?” शेवंताआजीनं विचारलं.

“कशी मिळणार?” आबा तिच्यावरच खेकसले. “तुझं पत्र एकदा तरी चुकलं का? कायम कडेला गारठलो!”