देठ मोडून बघायला काय झालं होतं?

मी घोळ बोलतेय. हो, तीच. गोल जाड पानांची, लालसर देठाची, जिला तुम्ही येता-जाता तुडवता. इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारच्या फरश्यांच्या फटीत मी जन्मले. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी वाढले. पण फुकट मिळालेल्या खाण्याला तुम्ही माणसं तण म्हणता. संताप येतो मला या शब्दाचा.

तळमजल्यावरची शिंपीणकाकू तेवढी वेगळी. शिलाई मशीनवर बसायच्या आधी ती यायची आणि भाजीसाठी माझे कोवळे शेंडे हाताने खुडायची. मूळ कधी उपटलं नाही, फुलावर आलेल्या फांदीला हात लावला नाही. प्रत्येक देठ मात्र मोडून बघायची, कारण मला खेटूनच नायटी वाढते. दिसायला माझी धाकटी बहीणच, पण तिच्या देठातून पांढरं दूध येतं आणि ते पोटात गेलं की त्रास होतो. माझ्या देठात नुसतं पाणी. ओळखायला इतकं सोपं!

मग काकूची नणंद राहायला आली. एका सकाळी वहिनीबरोबर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच ना? कळलं मला." दुसऱ्या दिवशी बाईसाहेब एकट्याच हजर, हातात काकूची कापड कापायची कात्री! कचाकचा कापत सुटली. मी, नायटी, गवत, सगळं एकदमच पिशवीत. एक देठ मोडून बघितला असेल तर शपथ!

संध्याकाळी ती रखवालदाराला ओढतच टाकीपाशी घेऊन आली. "मी केलेली भाजी खाऊन घरात सगळ्यांच्या तोंडाची आग झालीय, उलट्या झाल्यात. ही घोळ विषारी आहे. आधी हिचा नायनाट करा!"

काकू मागेच उभी होती. कापलेल्या बुंध्यांवर वाळलेलं दूध तिला दिसलं होतं. काय झालं ते तिला लख्ख कळलं होतं.

"ताई, अहो, ती घोळ नव्हे..."

"म्हणजे? माझं चुकलं म्हणतेस?"

काकूने मान खाली घातली. नणंदेचं मन राखलं आणि मला मारलं.

रखवालदाराने पंप पाठीवर घेतला आणि तणनाशकाने मला न्हाऊ घातलं. नायटी गेली, गवत गेलं, माझ्या पिवळ्या फुलांवर येणाऱ्या इवल्या माश्याही गेल्या. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आज सकाळी काकू परत आली. उकिडवी बसली, सवयीने हात पुढे केला. नको, काकू, हात लावू नकोस. माझी पानं काळी पडलीत. काल मी विषारी नव्हते, आज आहे, आणि हे विष तुम्हीच घातलंय.

मी चालले. पण माझं बी खसखशीहून बारीक आहे, फटीत खोल जाऊन पडलंय. ते वर्षानुवर्षं दम धरतं. मी पुन्हा उगवेन, आणि कुणीतरी पुन्हा पंप घेऊन येईल. तेव्हा तरी तोंड उघड, काकू.