मालनबाईचा रुसवा

केडगावच्या पुढं आमचं पॅकहाऊस. डाळिंबं निवडायची, खोक्यात भरायची, अन् ती परदेशात जायची. काम समदं उभ्यानं. भाकरी खायाच्या टायमालाच काय ते बूड टेकायचं. आमच्या मालनबाईचे पाय पार भोपळ्यावानी सुजल्ते. "छबू, हा आठवडा भरते न् काम सोडते," म्हनली. घरात मिळवती ती एकटी. लई जीव तुटला माझा.

तेवढ्यात परदेशी गिऱ्हाइकाची मॅडम तपासणीला यायचं ठरलं. बायांना बसायची सोय हाय का, हे ती बघनार हुती. आमचा मॅनेजर वैजनाथ म्हंजी बिलंदर! त्यानं मंडपवाल्या श्रीमंतकडनं एका दिवसापुरत्या खुर्च्या आनल्या. श्रीमंतनं गडबडीत नवरदेवाची लाल मखमली खुर्चीबी टेम्पोत टाकली. मी मालनबाईला तिच्यातच बसवली.

मॅडमनं फोटो काढले, हसली, गेली. लगीच मॅनेजर वरडला, "उठा आता! ह्या खुर्च्या लग्नाला जायच्यात."

आमी मुकाट उठलो. मालनबाई हलंना. हातानं डाळिंबं निवडतच म्हनली, "मी रुसले."

"आँ?"

"मांडवात नवरदेव रुसला तर त्याला दंडाला धरून उठवत्यात व्हय? काय पायजे ते इचारत्यात. इचारा मला."

आय्याव! हसून हसून आमच्या डोळ्याला पानी आलं. गाडी आजच भरायची, त्यामुळं हाकलूनबी देता येईना. श्रीमंत रडकुंडीला आला. "सायेब, इचारा की लवकर! तिकडं माझा नवरदेव काय सतरंजीवर बसवू?"

मॅनेजरनं दात-ओठ खाल्ले. "काय पायजे?"

"खुर्ची. रोजची. अन् समद्यांना."

"आनतो, बाई, आनतो!"

"मंग तवर तुमची द्या."

मॅनेजर काही बोलायच्या आत श्रीमंतनं हापिसातली फिरती खुर्ची उचलून आनली. तवा कुठं मालनबाई उठली, अन् लगीच तिच्यात बसली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर उभ्यानं फोन घेत हुता. आधी भिंतीला टेकला. मंग पोटऱ्या चोळाय लागला. मालनबाईनं खुर्ची गर्रकन फिरवली. "सायेब, लई दुखतंय का वो?"

त्यानं हातातला फोन कापला. नगरला फोन लावला न् म्हनला, "खुर्च्या आजच्या आज पाठवा!"

दिवस मावळायच्या आत टेम्पो दारात. आमी समद्या एका वळीत बसलो. मी मालनबाईला टोचलं, "आठवडा भरत आला. सोडनार हुतीस ना काम?"

"गप ग! आत्ता कुठं बसलीया मी," म्हनली, अन् पुढचं डाळिंब उचललं.