उजव्या हाताचे सासरे

भर दुपारी दारं-खिडक्या लावून शंभरेक माणसं हॉलमध्ये घामाघूम बसली होती आणि तक्रार एकाचीही नव्हती. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर मेलेली माणसं येणार म्हटल्यावर उकाड्याचं काय एवढं!

महाराज डोळे मिटून बसले. उघड्या डोळ्यांनी त्यांना म्हणे आत्मे दिसत नसत. "ना तार, ना यंत्र, खुशाल तपासा," असं ते दर वेळी बजावत. पडद्यामागे आत्म्यांची जागा, तिथे मात्र जायला मनाई. लोक पडद्यासमोर वाकून वाकून तपासत, तार काही सापडत नसे आणि भक्ती आणखी घट्ट होई.

पहिल्याच रांगेत सासूबाई होत्या आणि शेजारी नाइलाजाने आलेली त्यांची सून. ही सून एका कंपनीत विक्रेत्यांना पडद्यावर तक्ते दाखवून शिकवायची. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यांनी याच पडद्यावर येऊन तसं सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी मान डोलावली आणि अर्थ महाराजांनी लावला. असंच चाललं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सुनेला बजावलं होतं. बाई मात्र ऐकतील तर शपथ.

पडदा उजळला. आयुष्यभर शिंपीकाम केलेले सासरे कात्री हातात घेऊन हसले आणि त्यांनी मान डोलावली. सासूबाईंचे डोळे भरून आले. सुनेलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगायचं? मग तिने नीट पाहिलं.

"आई, बाबा तर डावखुरे होते. कात्री उजव्या हातात कशी?"

"वर गेल्यावर लागली असेल सवय," सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. हा व्हिडिओ तिनेच दुकानात काढला होता. ती मान "चहा घेणार का?" असं विचारल्यावर डोलावलेली होती! आत्म्याची ओळख पटावी म्हणून सासूबाईंनी तो महाराजांच्या शिष्याला दिला होता. प्रोजेक्टर पडद्यामागे ठेवला आणि चित्र फिरवायला विसरलं, की डाव्याचं उजवं होतं. ऑफिसातले नवशिके हीच चूक करतात. राहता राहिली तार. हल्लीचे छोटे प्रोजेक्टर बॅटरीवर, मोबाइलवरून बिनतारीच चालतात.

तिने मोबाइलमध्ये शोधलं. प्रोजेक्टरचं नाव दिसलं, पासवर्ड कुणी घातलाच नव्हता. तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करून घेतला आणि दिला पाठवून. सासरे गेले, पडद्यावर सुलट चिठ्ठी आली.

महाराजांचे डोळे मिटलेलेच. "पाहा, कसे प्रसन्न हसतायत! म्हणतायत, औषधं फेकून दे."

"सकाळ-संध्याकाळ एक गोळी, जेवणानंतर," सासूबाईंनी मोठ्याने वाचलं.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी डोळे उघडले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना खरोखर काहीतरी दिसलं.

सुनेने पडदा बाजूला ओढला. मागे स्टुलावर डब्याएवढा प्रोजेक्टर घुंघुं करत होता आणि शिष्य मोबाइलवर भराभर बोटं मारत होता. तिने सगळी करामत लोकांना उलगडून सांगितली. महाराज मागच्या दाराकडे सरकू लागले, पण तिथे आधीच गर्दी जमली होती.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "गेलेलं माणूस येत नाही, कळत होतं गं मला," त्या म्हणाल्या. "पण दिसायचे तरी."

सुनेचा सगळा राग ओसरला. तिने त्यांचा हात हातात घेतला. बाबांना त्या व्हिडिओत घरी रोज बघू, तेही डाव्या हातानेच कापड कापताना, असं तिने कबूल केलं.

सासूबाई उठल्या. दुसऱ्या रांगेत नवऱ्याचा फोटो छातीशी धरून एक बाई बसली होती. तिच्याही गोळ्या महाराजांनीच बंद केल्या होत्या. सासूबाई तिच्यापाशी थांबल्या.

"बाई, फोटो घरी ठेवा आणि दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या. "पडद्यावरचं माणूस काहीही विचारलं तरी मान डोलावतं. डॉक्टर निदान 'नाही' तरी म्हणतो."