न नेलेलं पुस्तक फाटतं कसं?

"आमची मुलं वाचतच नाहीत हो!" ही तक्रार तुम्ही केली असेल, मीही केली आहे. आणि मूल एकदाचं वाचायला लागलं, की आपला पुढचा प्रश्न तयारच असतो. "काय वाचतोयस? दाखव बघू!" पहिल्या तक्रारीवर सभा पुष्कळ होतात. या दुसऱ्या प्रश्नाने काय होतं, त्याची ही गोष्ट आहे.

एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीमागे एक बाई बसत. अठरा वर्षं तिथेच बसल्यामुळे त्यांचं खरं नाव लोक विसरले होते, पोस्टमनसुद्धा त्यांना देवघेवबाईच म्हणे. बाई कामाला वाघ होत्या. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी शनिवारचं किशोर मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं. चार वाजता वरच्या हॉलमध्ये तीसेक मुलं जमत. कोणी मोठ्याने वाचून दाखवी, कोणी गोष्टीच्या शेवटावरून हमरीतुमरीवर येई. निम्मी मुलं पंख्याच्या वाऱ्याला येतात, असं बाई गमतीने म्हणत, पण बाकीची निम्मी जाताना पुस्तकं घेऊन जात.

मग बाईंच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. किशोर सभासदाने पुस्तक नेलं, की त्या पुस्तकाचं नाव त्याच क्षणी पालकांच्या मोबाइलवर जावं! ग्रंथपालसाहेबांनी लगेच मान डोलावली. पालक तर हरखूनच गेले. "बाई, तुम्ही म्हणजे आमचे दोन डोळे आहात," असं एक आई म्हणाली, आणि त्या दिवशी बाई दोन बोटं उंच होऊन घरी गेल्या.

त्यांना स्वतःला मात्र अशा मेसेजची गरज नव्हती. त्यांची लेक त्यांच्याच खिडकीवरून पुस्तकं नेत होती ना!

लेकीचं लाडाचं नाव भिंगरी. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून पडलेलं. आता ती पंधरा वर्षांची होती आणि पलंगाच्या एका कोपऱ्यात बसून असायची. घर दोन खोल्यांचं. मधलं दार लावायचं नाही हा बाईंचा नियम होता. "दार लावून असं काय वाचायचंय? अभ्यास उघड्या दाराने पण होतो." मोबाइल बाबांच्या खिशात. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की वाचनालय, कारण तिथे आई, आणि वाचनालय बंद झालं की आईबरोबर घर. घरी आई, वाचनालयात आई, आणि मधल्या पंधरा मिनिटांच्या रस्त्यावरही आईच! प्रेमात कमतरता नव्हती हो. पण पोरीला हातपाय पसरायला जागाच उरली नव्हती.

जेवताना बाई सहज विचारायच्या, "ते चौतीस नंबरचं कपाट कशाला गं उघडलं होतंस आज?"

भिंगरी हातातला घास ताटात ठेवायची. "नुसतं बघत होते."

"बघायला ते काय प्रदर्शन आहे?"

यावर बाबा हसायचे. मग भिंगरीही हसायची, तेवढं ती शिकली होती. हल्ली मात्र मधूनच तिचे हात थरथरायचे, श्वास घशाशी अडकायचा. अशा वेळी ती उठून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून उभी राहायची. घरात कडी लागणारं दार तेवढं एकच होतं. बाहेरून बाई ओरडायच्या, "अगं, किती पाणी वाया घालवशील!"

इकडे वाचनालयात आनंदीआनंद होता. मुलांची देवघेव दुपटीने वाढली होती, आणि पुस्तकं तरी कोणती! यशाची गुरुकिल्ली सांगणारी, थोरांची चरित्रं, सामान्यज्ञान, विज्ञानातली आश्चर्यं. वार्षिक अहवालात बाईंनी लिहून टाकलं, 'किशोरांची अभिरुची कमालीची सुधारली आहे.'

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाइंडरकाका बसत. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, हे त्यांचं काम. बोलणं कमी, पण बोलले की दाभणासारखं टोचायचं. एका सकाळी त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. समोर पुस्तकांचे दोन ढीग होते.

"बाई, ही तुमची मुलं सारखी नेतात ती पुस्तकं." काकांनी एक चरित्र उघडलं. नव्या पुस्तकाची पाठ वाजते तशी कर्रकन वाजली. "एकोणीस वेळा जाऊन आलंय हे. बघा, पाठ अजून मोडलेली नाही. पानांना बोट लागलेलं नाही."

"मुलं जपून वाचत असतील."

"मुलं? आणि जपून?" काका खो खो हसले. मग त्यांनी दुसरा ढीग पुढे सरकवला. पुठ्ठे सुटलेले, पानं निसटलेली, कोपरे काळे पडलेले. "आता यांची कॉम्प्युटरवरची नोंद बघा काय येतेय ती."

बाईंनी जाऊन बघितलं. सात महिन्यांत यातलं एकही पुस्तक कोणी नेलेलं नव्हतं!

"मग मला सांगा," काका म्हणाले, "न नेलेलं पुस्तक फाटतं कसं?"

त्या ढिगात मैत्रीच्या आणि प्रेमाच्या कथा होत्या, वयात येण्याविषयीची दोन पुस्तकं होती, एक मनातल्या भीतीविषयीचं होतं. झाडूवालीला ती भलत्याच ठिकाणी सापडली होती, कुठलं बांधकामाच्या पुस्तकांमागे, कुठलं जुन्या अहवालांखाली. बाईंचं डोकं सणकलं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे त्या प्रत्येक नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सुनावत. इथे तर कोणीतरी जाणूनबुजून लपवत होतं!

"पकडतेच या बदमाशाला!"

"पकडा की," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "पण पकडल्यावर काय विचारणार, ते आधी ठरवून जा."

बाईंनी चार दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. शनिवारी वर मंडळ रंगात आलं असताना त्यांनी चपला काढल्या आणि पाय न वाजवता त्या अगदी शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. तिथे जुन्या अहवालांचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर फट होती. त्या फटीत कोणीतरी आडवं होऊन उभं होतं. पुस्तक पुरतं उघडायलाही जागा नव्हती, म्हणून ते हनुवटीशी अर्धवट उघडं धरलेलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती भिंगरी होती.

आईला बघताच तिच्या हातून पुस्तक पडलं. ती किंचाळलीच. "आई, मी काही वाचत नव्हते! शप्पथ सांगते, मी काहीसुद्धा वाचत नव्हते!"

वाचनालयात उभी राहून एक मुलगी शपथ घेत होती, की मी वाचत नव्हते! कोणाच्या परवानगीने, कधीपासून, असे सगळे प्रश्न बाई पाठ करून आल्या होत्या. त्यातला एकही तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी वाकून पुस्तक उचललं. 'छाती धडधडते तेव्हा' असं त्याचं नाव होतं.

"हे कशाला गं, बाळा?"

भिंगरी भिंतीला तशीच चिकटून होती. "वर्गात माझा श्वास अडकतो, आई. हात थरथरतात. मला वाटलं, मला वेड लागतंय. यात लिहिलंय की असं पुष्कळांना होतं, आणि बरंही होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण आधी मला तरी कळू दे ना, काय होतंय ते! घरी नेलं असतं तर तू जेवतानाच विचारलं असतंस, आणि बाबा हसले असते." ती थांबली, मग एकदम बोलून गेली. "मी एकटीच नाही येत इथे. मंडळातले सगळे येतात. पाळी लावून, दहा-दहा मिनिटं. खिडकीवरून घरच्यांना आवडेल असं काहीतरी नेतो, आणि वाचायचं ते इथे वाचतो."

बाई तिथेच फरशीवर बसल्या. मुलांनी वाचावं म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांनीच तीस मुलांना हातभर फटीत कोंडलं होतं. त्यांना हुंदका आवरेना.

थोड्या वेळाने त्या मागच्या खोलीत गेल्या. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पोरगी तुमची आहे हे नव्हतं माहीत. चोर कोणी नाही, एवढं माहीत होतं. चोर पुस्तक घरी नेतो. ही बिचारी इथेच ठेवून जात होती."

"पण काळजी वाटते हो! उद्या भलतंसलतं काही हाती लागलं तर?"

"लागेल की. आपल्या हाती नव्हतं लागलं?" काकांनी दोरा दातांनी तोडला. "भलतं वाचलं की मूल गोंधळतं, आणि गोंधळलं की विचारायला जातं. कोणाकडे जाईल? ज्याला घाबरतं त्याच्याकडे तर नक्कीच नाही! पहारा बसवून तुम्ही भलतं वाचन थांबवलं नाहीत, बाई. मुलांचं विचारणं तेवढं थांबवलंत."

बाईंना हे पटायला अवघड गेलं नाही. अवघड होतं ते चारचौघांत बोलून दाखवणं. पुढच्या शनिवारी त्यांनी पालकांना बोलावलं आणि काहीही न झाकता सगळं सांगितलं. आजपासून मेसेज बंद, असंही सांगितलं. एकच गलका झाला. एक वडील तर तावातावाने उभेच राहिले.

"म्हणजे आम्ही काय डोळे मिटून बसायचं?"

"मिटू नका!" बाई म्हणाल्या. "पण ते पोराच्या तोंडाकडे असू द्या. मी माझ्या मुलीचं एकूण एक पुस्तक बघितलं हो, आणि तिचे थरथरणारे हात मला दिसले नाहीत!"

भिंगरीचे बाबा मागच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना पटलं असं नाही. दोघांनी मुलांची नावं काढून घेतली, आणि ग्रंथपालसाहेबांनी मेसेज बंद केले ते कुरकुरतच. पण त्याच आठवड्यात आईबाप दोघं भिंगरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरातलं मधलं दार लावायची मुभा मिळाली. पहिले काही दिवस भिंगरी ते लावून पुन्हा उघडून बघायची, खरंच कोणी ओरडत नाही ना म्हणून.

एका सोमवारी ती खिडकीपाशी आली. एक पुस्तक तिने छातीशी घट्ट धरलं होतं, नाव आतल्या बाजूला. बाईंनी सवयीने हात पुढे केला. तिने पुस्तक दिलं नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू जरा उठतेस का?"

लेकीचा विश्वास एका सभेने परत येत नाही, हे बाईंना त्या क्षणी कळलं. पण त्या उठल्या. नव्या कारकुनाला खुर्चीवर बसवून बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. जराशाने भिंगरी पिशवी सावरत बाहेर आली. 'काय नेलंस गं?' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बाईंनी जीभ चावली. असं कठीण काम आपण अठरा वर्षांत केलं नव्हतं, असं त्या आजही सांगतात.

"मी घरी जाऊ पुढे? एकटी?" भिंगरीने विचारलं.

"जा," बाई म्हणाल्या.

मंडळींनो, आपण मुलांच्या हाती पुस्तक देतो आणि मान त्यांच्या खांद्यावरून पुढे काढून बसतो. त्याला आपण संस्कार म्हणतो, काळजी म्हणतो. पण ज्या घरात मुलाला वाचलेलं लपवावं लागतं, तिथे ते दुखणंही लपवायला शिकतं. म्हणून मुलांना वाचू द्या, एकट्याने वाचू द्या, आणि ती आपणहून सांगायला येतील तेव्हा घरात ऐकणारं माणूस असू द्या!