लाकडांमागची घोंगडी

रोझेरने पळी काहिलीतून वर काढली, तिच्यावर दोनदा फुंकर घातली आणि बायकोच्या ओठांपुढे धरली. साखरघरातली सगळी पंगत टेबलं बडवू लागली.

"गीळ, योलांद! नुसतं जिभेला लावून सोडू नकोस!"

योलांदने घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडले.

"झाला," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. त्या घराची ही रीतच होती. हंगामात दर रविवारी मेपलच्या झाडांचा रस आटवून पहिला पाक उतरला की तो घरच्या बाईने चाखायचा. तिने 'झाला' म्हटल्याशिवाय पाहुण्यांच्या ताटात थेंब पडायचा नाही. रोझेरची आई पळीभर पाक पिऊन वर ताटभर घेवडे खायची आणि म्हातारपणापर्यंत खणखणीत होती, हे तो भेटेल त्याला सांगत असे. ज्यांनी ते दहा वेळा ऐकलं होतं त्यांनाही सांगत असे.

मार्च संपत आला होता. रात्री पाणी गोठत होतं, दिवसा ऊन पडत होतं आणि झाडं मन मोकळं करून रस देत होती. माँट्रियलहून दोन बसगाड्या भरून लोक आले होते. योलांदची धाकटी बहीण कार्मेल वाटाण्याचं सूप वाढत इकडून तिकडे धावत होती. चुलाणाजवळच्या बाकावर शेजारचा फिर्मां बसला होता. तो दर रविवारी फुकट जेवायचा आणि त्याची परतफेड थट्टेने करायचा.

"रोझेर, अर्धी बायको दवाखान्यात ठेवून आलास," तो ओरडला, "उरलेल्या अर्धीला तरी पोटभर खाऊ घाल की!"

हा विनोद आठ वर्षं जुना होता. आठ वर्षांपूर्वी योलांदने वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. डॉक्टरांनी जठर मुठीएवढं केलं आणि आतडं वर ओढून त्याला जोडलं. वर्षभरात ती इतकी उतरली, की चर्चमध्ये लोक तिला ओळखेनात. गुडघे दुखायचे थांबले, मधुमेह गेला. लोक हसले की रोझेरही हसायचा. आजही हसला, आणि घेवडे, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा आणि ऑम्लेट असं ताट भरून त्याने योलांदपुढे सरकवलं.

"चार घास खा. रांधणारीच खात नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

योलांदने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने काटा उचलला आणि खाल्लं. फिर्मांने पुन्हा टाळ्या वाजवल्या. रोझेरला बरं वाटलं. बायको चारचौघांत आपल्या हातचं खाते, एवढंच त्याला हवं असायचं.

थोड्या वेळाने चुलाण मंदावलं. लाकडं आणायला रोझेर स्वतःच मागच्या छपरात गेला. उजवीकडची थप्पी संपली होती. डावीकडची तशीच उभी होती. "तिला हात लावू नकोस, ती ओली आहे," असं योलांद त्याला कितीतरी दिवस सांगत आली होती, आणि लाकडांतलं तिला काय कळतं असं मनात म्हणूनही त्याने ते ऐकलं होतं. आज त्याने वरचा ओंडका ठोकून पाहिला. तो टणटणीत वाजला. हे लाकूड ओलं असेल तर मी बिशप, असं पुटपुटत तो थप्पीला वळसा घालून मागे गेला.

मागे योलांद होती. गुडघ्यांवर आणि कोपरांवर वाकून, कपाळ लाकडाला टेकवून ती मागेपुढे झुलत होती. दातांत एक लाकडी चमचा होता.

"योलांद! पडलीस का?"

तिने चमचा काढला. "नाही रे. जातं आपोआप. तू जा, काहील बघ."

आणि खरंच, त्याच्या मनात आधी काहील आली. चुलाणावर पाक एकटा सोडला तर डोळ्यांदेखत करपतो. हा विचार आला त्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

तो जवळ बसला. तिच्या गुडघ्यांखाली त्यांच्या मेलेल्या घोड्याची घोंगडी होती, चौपदरी घडी घातलेली. योलांद किंचित सरकली तेव्हा घोंगडीत दोन खळगे दिसले. एका दिवसात पडावेत असले ते नव्हते. शेजारी पाण्याची बाटली होती. चमच्याच्या दांडीवर दातांच्या खुणा होत्या, एकीवर एक, काही जुन्या आणि काळ्या पडलेल्या.

"हे काय आहे?"

"जेवलं की कळ येते. कधी येते, कधी नाही. तासाभरात जाते." तिने श्वास घेतला. "आज मेली हट्टाला पेटलीय."

तिचे ओठ पांढरे पडले होते आणि गळ्यावरून घाम ओघळत होता. रोझेरने कार्मेलला हाक मारली. कार्मेल पळत आली, तिने बहिणीकडे एकदा बघितलं आणि हातातली पळी खाली टाकली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"काहील..."

"जळू दे ती काहील, रोझेर! तू निघ!"

रस्ता चिखलाने भरला होता. प्रत्येक खड्ड्याला योलांदच्या घशातून बारीक आवाज यायचा आणि ती तो लगेच गिळायची. कपाळ तिने समोर टेकवलं होतं, दोन्ही हात पोटाशी.

"बोलली का नाहीस मला?" रोझेरने विचारलं. आवाज रागाचा निघाला. त्याला तो तसा काढायचा नव्हता.

"तूच म्हणाला होतास ना, म्हाताऱ्या."

"मी काय म्हणालो?"

पण तेवढ्यात पुन्हा कळ आली. पूल ओलांडेपर्यंत रोझेर आठवत राहिला. पलीकडे पोचल्यावर त्याला आठवलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बॅग भरत होती आणि तो दारात उभा होता. दिवसभर त्याच्या मनात एकच भीती होती, की ही शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलीच नाही तर? पण त्या घरातल्या पुरुषांची भीती नेहमी रागाचे कपडे घालून बाहेर पडायची. "देवानं दिलेलं धडधाकट पोट कापून घेतेस," तो म्हणाला होता. "उद्या दुखलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही." सकाळी तो ते विसरूनही गेला.

ती विसरली नव्हती. केस गळाले तेव्हा ती त्याच्यापुढे रडली नाही. तिची आई गेली तेव्हा ती कार्मेलच्या खांद्यावर रडली. तो शेजारीच होता. बायको खंबीर झाली म्हणून त्याला कौतुकच वाटायचं. "पोटाबरोबर रडूही कापून आली," असं तो फिर्मांला सांगायचा, आणि दोघं हसायचे. आता गाडी चालवता चालवता त्याला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण तोडून काय उपयोग, त्या जिभेचा शब्द तिने आठ वर्षं तंतोतंत पाळला होता.

गावातल्या छोट्या इस्पितळात बाकं माणसांनी भरली होती. कुणाचा हात बांधलेला, कुणाच्या मांडीवर खोकणारं मूल. त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, की आत कोण आधी जाणार हे पडद्याआडची नर्स ठरवते. तिला ज्याचं दुखणं थोडं वाटलं, त्याला रात्र बाकावर काढावी लागायची.

नर्स तरुण होती, केसांची घट्ट वेणी घातलेली. तिने योलांदला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला.

"आधी कुठली शस्त्रक्रिया?"

"पोटाची, वजनासाठी," रोझेर म्हणाला. "आठ वर्षं झाली."

नर्सचा हात थांबला. "त्या शस्त्रक्रियेनंतर आतडं कधीकधी आत अडकतं, पिळलं जातं. अगदी वर्षांनीसुद्धा. मग तास मोजायला वेळ नसतो. म्हणून नीट सांगा हं, मावशी. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती दुखतंय?"

योलांदने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. अगदी पळभरच. पण ती नजर त्याने ओळखली. पाक चाखल्यावर, ताट पुढे आल्यावर, फिर्मांच्या थट्टेनंतर ती अशीच बघायची. आज किती दुखणं दाखवलेलं परवडेल, याचा अंदाज घेणारी नजर.

"चार," ती म्हणाली. खुर्चीच्या दांडीवर तिची बोटं पांढरीफटक झाली होती.

नर्सने तिच्या बोटांकडे बघितलं. "चार? नक्की?"

दहा, रोझेरच्या ओठांवर आलं होतं. दहा लिही, पोरी, बारा लिही. पण त्याला कळत होतं, तो बोलला असता तर योलांद हसली असती आणि म्हणाली असती, याला वाढवून सांगायची सवयच आहे. तो खोलीत असेपर्यंत चाराचे पाच व्हायचे नव्हते.

"मी जरा गाडी नीट लावून येतो," तो म्हणाला.

गाडी नीटच लावलेली होती. तो पडद्याबाहेर गेला आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, किल्ली मुठीत आवळून. 

"गेला?" योलांदचा आवाज.

"गेले."

"दहा," योलांद म्हणाली. "दहा आहे गं."

"कधीपासून दुखतं असं?"

"हा तिसरा हंगाम."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नर्सने कुणाला तरी हाक मारली, स्ट्रेचर मागवलं, सर्जनना खाली बोलवायला सांगितलं. तिची पावलं पडद्याकडे आली.

"मिस्टरांना बोलावते हं, मावशी. तुम्हाला आत न्यायचंय."

"स्ट्रेचर येईपर्यंत थांब ना," योलांद म्हणाली. "तो यायच्या आत मला जरा रडून घेऊ दे."

नर्स थांबली. रोझेरही पडद्याला लावलेला हात खाली घेऊन उभा राहिला, आणि स्ट्रेचरची चाकं कोपऱ्यावर वाजेपर्यंत तसाच ऐकत राहिला.